आडबंदरच्या चाळीस घारी

कोकणातल्या सगळ्या घारी एकाच आईच्या पोटच्या आहेत, हा शोध मी लावला. असं काही झालेलं नाही, असं धरून आपण पुढे जाऊ.

"शिरुरे, हे परत एकदा मोठ्यानं वाचा," गडणीस मॅडम म्हणाल्या.

मी वाचलं. नागपूर, बावीस नमुने, नऊ मातृवंश. कोल्हापूर, एकोणीस नमुने, सात मातृवंश. पुणे, तीस नमुने, अकरा. आडबंदर आणि परिसरातली दहा गावं, चाळीस नमुने, एक.

"एक?"

"एक, मॅडम."

"चाळीसात एक."

"सगळ्या सख्ख्या मावसबहिणी."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस अंधुक दिसायचा, आणि माझ्याशी बोलताना त्यांना ते बरं पडत असावं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यातल्या एका पक्षी-संशोधन संस्थेत डॉ. शुभांगी गडणीस घारींवर काम करत होत्या. घार युरोपापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते. इतकी सगळीकडे असते की तिच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही. मॅडमना नेमकं तेच बघायचं होतं. या सगळ्या एकमेकींच्या कोण लागतात, कुठून आल्या, मधल्या काळात कधी कमी झाल्या होत्या का. घारीला हे विचारून ती सांगत नाही, म्हणून तिच्या पिसाच्या देठातला डीएनए काढून वाचायचा. ते वाचायचं काम मॅडमचं. पिसं उचलायचं काम माझं. कार्डावर 'प्रकल्प सहायक' असं लिहिलेलं होतं.

"घार उडते, शिरुरे."

"हो मॅडम."

"कोल्हापूरहून निघाली तर जेवायला आडबंदरला. तिला घाट लागत नाही, तिची एसटी चुकत नाही. मग कोकणातल्या घारी घाटावरच्या घारींशी सोयरीक का करत नाहीत?"

"मासे खाण्यावरून असेल," मी म्हणालो. मी औशाचा, लिंगायत. "आमच्याकडेही स्थळं त्यावरूनच मोडतात."

मॅडम हसल्या नाहीत. आईकडून येणारा डीएनए फक्त घराणं सांगतो, माणूस सांगत नाही, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा समजावलं. एकेक घार वेगळी ओळखायची तर दुसरी चाचणी करावी लागते. तिचं रसायन संपलं होतं, आणि ते मागवण्याचा कागद आमच्या कार्यालयात तीन टेबलांमध्ये विहार करत होता.

"दुसरी चाचणी होईपर्यंत थांबावं असं मला वाटतं."

"मॅडम, परिषद शनिवारी आहे. माझी मुदत एकतीस मार्चला संपते."

त्यांनी चष्मा घातला. "ठीक आहे. शनिवारी प्राथमिक निष्कर्ष म्हणून मांडा. लोकांसमोर टिकलं, तर एक एप्रिलपासून तुमची पीएचडीची नोंदणी करते. नाही टिकलं, तर..."

वाक्याचा उरलेला भाग माझ्या मामांचा होता. मामांचं औशात खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि गल्ल्यामागची दुसरी खुर्ची त्यांनी माझ्यासाठी दहावीपासून पुसून ठेवली होती.

म्हणून मी जोमानं कामाला लागलो. चाळीस घारींचा एकच मातृवंश, याचा अर्थ उघड होता. कोकणातल्या घारींवर कधीतरी भयंकर आपत्ती आली, सगळ्या मेल्या, एकच मादी वाचली आणि आज दिसतो तो तिचा परिवार. आता फक्त आपत्ती शोधायची राहिली होती. ग्रंथालयात कोकणातली वादळं पाहिली, तर दर तीस वर्षांनी एक निघालं. त्यातलं मला आवडलेलं मी निवडलं. संगणकाकडून एक आलेख काढून घेतला. त्यात घारींची संख्या बारा हजार वर्षं सपाट चालत येते आणि मग जिन्यावरून पडावं तशी पडते. शेवटच्या स्लाइडवर वादळानंतरच्या किनाऱ्यावर एकटी बसलेली ती मादी. तिचं नाव मी 'आदिमाय' ठेवलं. मागे सूर्योदय घातला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, हे आमच्या संग्रहालयातल्या पठाणमामांनी दाखवल्यावर काढला.

आता चाळीस पिसं आली कशी, तेही सांगायला हवं, कारण त्यात माझी अक्कल खर्च झालेली आहे.

आमच्या परवान्याला अटी होत्या. फक्त गळून पडलेलं पीस उचलायचं. घारीला हात लावायचा नाही. अट क्रमांक सात अशी, की जखमी किंवा कोणी पाळलेला पक्षी आढळला तर ताबडतोब वनखात्याला कळवायचं. योजना साधी होती: दहा गावं, प्रत्येक गावातून चार पिसं, चालत फिरून. आदल्या एप्रिलात मी पहिल्या गावात चालत फिरलो. संध्याकाळपर्यंत कोंबडीची सहा, कावळ्याची दोन आणि एका उशीतली मूठभर पिसं मिळाली. दुसऱ्या दिवशी मला जनसहभागाचं महत्त्व पटलं.

आडबंदरच्या वाळूत मथुराकाकी कुबल मासळी सुकवायच्या. साठीच्या पुढच्या, एकट्या, हातात लांब काठी. वर वीस-पंचवीस घारी घिरट्या घालत, खाली काकी त्यांना नावं ठेवत.

"तू कोण रे? खयचो?"

"लातूरकडचा. मी घारींचा अभ्यास करतो."

"अभ्यास?" त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "मगे धर. माजो जल्म गेलो त्येंचो अभ्यास करण्यात."

दुपारभर मी घारी हाकल्या. त्यांनी मला सोलकढी-भात वाढला, मी मासे खात नाही म्हटल्यावर माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं, आणि माझं काम ऐकून घेतलं. रोज सकाळी बंदरावरच्या बायका टोपल्या घेऊन एसटीनं आतल्या गावांत मासळी विकायला जातात. दहा गावांना दहा बायका. मी गावांची नावं आधीच छापून चाळीस पाकिटं तयार केली होती. ती काकींकडे द्यायची, काकींनी बायकांना वाटायची, बायकांनी आपापल्या गावात पडलेलं घारीचं पीस उचलून पाकिटात घालायचं. तीन आठवड्यांनी मी येऊन घेऊन जाणार. अहवालात या पद्धतीला मी 'मत्स्यविक्रेत्या भगिनींचं संशोधन-जाळं' म्हटलं आणि तिची एक आकृती काढली, बाणांसकट.

तीन आठवड्यांनी चाळीसच्या चाळीस पाकिटं भरलेली होती. इतर ठिकाणी मला पिसं गटारात, चिखलात, एकदा तर एका देवळाच्या दानपेटीत सापडली होती. ही पिसं मोठी, कोरडी, स्वच्छ. याचं श्रेय मी कोकणच्या स्वच्छतेला दिलं. तेही अहवालात आहे.

बुधवारी दुपारी, परिषदेला तीन दिवस असताना, ती चाळीस पिसं मी काळ्या कापडावर मांडत होतो. पोस्टरसाठी फोटो हवा होता. आधी गावांप्रमाणे मांडली, वाईट दिसली. मग लांबीप्रमाणे लावायला घेतली. तेवढ्यात पठाणमामा चहाचा कप घेऊन आले. मामांनी संस्थेच्या संग्रहालयात अठ्ठावीस वर्षं मेलेल्या पक्ष्यांमध्ये कापूस भरला होता. जिवंत पक्ष्यांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

"काय रे, रांगोळी?"

"फोटो काढायचाय मामा. चाळीस घारी."

मामांनी कप खिडकीत ठेवला. एक पीस उचललं, उलटं केलं, उजवीकडे ठेवलं. दुसरं डावीकडे. "हे उजव्या पंखाचं. हे डाव्याचं. हे शेपटीचं, कडेचं. घारीच्या शेपटीला खाच असते, कडेचं पीस लांब, मधलं आखूड. तुला माहीत असेल."

"माहीत आहे," मी म्हणालो. आत्ताच झालं होतं.

"एका पंखाला टोकाकडची मोठी पिसं किती?"

"दहा."

"मोज."

मोजली. उजवी दहा. डावी दहा. मामा बोटांनी त्यांना जागेवर सरकवत होते, जशी पत्त्यांची पानं लावावीत. शेपटीची बारा. उरली आठ, ती दंडाकडची, चार इकडे, चार तिकडे. मामा मागे सरकले. काळ्या कापडावर एक घार पंख पसरून पडली होती. फक्त मधलं शरीर नव्हतं.

"छान दिसतंय," मी म्हणालो. खरंच म्हणालो. फोटो काढायला मोबाइलही वर केला.

"शिरुरे, डबल कुठलं आहे?"

"म्हणजे?"

"चाळीस घारींची चाळीस पिसं आहेत ना तुझी? एक तरी पीस दोनदा यायला पाहिजे. का चाळीसजणींनी मिटिंग घेतली? तू उजवं तिसरं टाक गं, मी डावं सातवं टाकते, शेपटीकडे कोण बघतंय?"

"योगायोग असू शकतो. शक्यता काढता येते."

मी कॅल्क्युलेटर घेऊन शक्यता काढली. त्यानं आकडा द्यायचं नाकारलं आणि पडद्यावर नुसतं 'ई' दाखवलं.

मामांनी मला खांद्याला धरून वाकवलं. "शेपटी बघ. आडवी बघ."

बाराही पिसांवर, टोकापासून चार बोटांवर, एक फिकट रेघ होती. केसाएवढी. एका पिसावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, पट्टीनं मारावी तशी सरळ जात होती. पंखांवरही होती.

"पिल्लू घरट्यात असतं तेव्हा त्याची सगळी पिसं एकाच वेळी वाढत असतात," मामा म्हणाले. "एखाद्या दिवशी खायला मिळालं नाही, की त्या दिवसापुरतं पीस कच्चं वाढतं. तीच रेघ. ही पोर लहानपणी एक दिवस उपाशी राहिलेली आहे. एकच दिवस. एकच पोर."

मी ती रेघ बघत राहिलो. बारा हजार वर्षांत कोकणातल्या घारींवर आलेली माझी महाआपत्ती ती हीच होती. दोनच वर्षांपूर्वी, कुठल्यातरी घरट्यात, एका दिवसाची.

"मॅडमना सांगणार का?" मी विचारलं.

"मी चहा प्यायला आलो होतो," मामा म्हणाले. "चहा प्यायलो." आणि भरलेला कप तसाच घेऊन गेले.

खोटं कशाला सांगू, तासभर मी गप्प राहण्याचा सगळ्या बाजूंनी विचार केला. शनिवारी बोलून टाकायचं. नोंदणी करून घ्यायची. रसायनाचा कागद अजून दुसऱ्याच टेबलावर होता, म्हणजे ते येईपर्यंत माझं लग्नही झालं असतं. मग पिसांकडे पाहिलं. मांडलेली मोडायला हात लावला आणि लावता येईना, कारण आता ती पिसं नव्हती, ती कोणीतरी होती. मी आडबंदरची गाडी पकडली.

गुरुवारी दुपारी काकी वाळूत नव्हत्या. घराच्या मागच्या अंगणात होत्या, आणि अंगणात, एका पालथ्या घातलेल्या जुन्या होडीच्या सावलीत, घार उभी होती.

घारीला चालताना कधी बघू नये. आकाशातला सगळा दरारा तिथे संपतो. नवीन बूट चावणारा तलाठी पंचनाम्याला निघावा तशी ती माझ्याकडे आली, मला खालून वर पाहिलं आणि परत गेली. उजवा पंख किंचित लोंबत होता. अंगावर सगळी नवी पिसं होती.

"इलंस?" काकी म्हणाल्या. त्या पाटावर बसून बांगड्याचे काटे काढत होत्या. "बस. ताक देतंय."

"काकी, ही..."

"गेल्याच्या आदल्या दिवाळीत जाळ्यात गावली. सुक्या मासळीवर जाळा घालतंय ना, त्यात. पंख मोडलो. बांबूची काडी बांधलंय, हाड बसला, पण उडाक येणा नाय तिका."

"पण तुम्ही तर घारींना काठी मारता."

"भायल्यांक मारतंय. ही घरची."

"आणि माझी पाकिटं?"

काकींचा हात क्षणभर थांबला. "बायका इसारल्यो रे. एकीन पाकिटात चुनो भरून ठेवलो. दोन दिवसांर तू येतलंस म्हटल्यार मी सगळी परत मागून हाडलंय. चाळीसय रिकामी." त्या माझ्याकडे मी काहीतरी वेडंवाकडं बोललो असल्यासारखं बघायला लागल्या. "कोणाची वस्तू रिकामी परत देतत काय? तुझ्या आवशीचो डबो मी रिकामो धाडलंय काय?"

नव्हता धाडला. पहिल्या वेळी मी आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी काकींना दिली होती. डबा परत गेला तो भरून. आमच्या औशाच्या घरी, सोमवारी, आईनं देवासमोर तो उघडला, आणि आत सुके बांगडे होते. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. पण तो डबा तिनं घासून, उन्हात तापवून, पुन्हा चटणी भरूनच मला दिला. रिकामा देता येत नाही, हे दोघींनाही न बोलता कळत होतं. मलाच कळलं नव्हतं. मी एका बाईच्या हातात चाळीस रिकामी पाकिटं ठेवून गेलो होतो.

"हिची गळलेली पिसां मी डब्यात ठेवी," काकी म्हणाल्या. "भायर टाकलंय तर कोणी ईचारतला, खयची म्हणान. तुझ्या पाकिटांक बरी उपेगाक पडली. एकेक घातलंय."

"अहो, पण वेगवेगळ्या घारींची हवी होती."

"तसा खय सांगलंस? तू म्हणालंस घारीची व्हयी." त्यांनी अंगणाकडे मान केली. "ही घार न्हय तर काय कोंबो?"

घारीनं याच वेळी एक बारीक, लांब शीळ घातली. काकींनी न बघता बांगड्याचा तुकडा तिच्याकडे टाकला.

"काटे का काढता? घार काट्यासकट खाते."

"भायल्यो खातत."

नाव काय ठेवलंय, मी विचारलं. काकी म्हणाल्या, नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की मग मागाहून रडावं लागतं.

मी त्यांना अट क्रमांक सात सांगितली. मराठीत सांगितली, तरी ती सरकारीच वाटली. काकींनी ऐकून घेतलं. दोन वर्षांपूर्वी खालच्या वाडीतून फॉरेस्टवाल्यांनी कोणीतरी सांभाळलेलं कासव नेलं होतं. त्यांचं काय चुकलं नाही, काकी म्हणाल्या, कायदा आहे. पण मग कासव कुठे गेलं ते त्या घरच्यांना परत कळलं नाही, आणि तिथली म्हातारी अजून पाण्याची परात भरून ठेवते.

"तुका सांगूक लागतला?"

"लागेल."

"नाय सांगलंस तर?"

"माझी नोकरी जाईल बहुतेक."

त्या बराच वेळ काटे काढत राहिल्या. निघालेल्या काट्यांतूनही काटे काढत होत्या असं मला वाटलं.

"मगे सांग," शेवटी म्हणाल्या. "तरणो झील तू. माजा काय, मी भायल्यांक काठी मारीन आणि दीस काढीन."

निघताना त्यांनी माझी पाण्याची बाटली मागून घेतली आणि सोलकढीनं भरून दिली. घार दारापर्यंत आली. उंबरठ्याजवळ थांबली. ती तिची हद्द असावी.

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. खरं सांगितलं, तर मी नुसता मूर्ख ठरत होतो. दुसऱ्याच्या भरवशावर राहिलो, फसलो. मूर्खांना आमच्या संस्थेत मुदतवाढ मिळते, चांगली उदाहरणं होती. पण मग 'दुसरा कोण' हे लिहावं लागणार, आणि अट सात. न सांगता पिसं बाद करायची, तर ती मीच भरली असं म्हणायला हवं होतं, म्हणजे मी लबाड ठरत होतो. मूर्ख की लबाड, एवढाच प्रश्न होता. हुशार हा पर्याय बुधवारी मामांनी कपाबरोबर नेला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी मॅडमच्या खोलीत काळं कापड पसरलं आणि सगळी घार परत मांडली.

मॅडम उठून टेबलाभोवती एक फेरी मारून आल्या. त्यांना माझ्यासारखं मोजावं लागलं नाही.

"एकच आहे," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"दहा गावांच्या पाकिटांत."

"मी भरली. सगळी एका झाडाखाली मिळाली. दहा गावं फिरायचा कंटाळा आला."

"का?"

"ऊन होतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चष्मा घालून. मला तेव्हा त्या अंधुक दिसायला हव्या होत्या. "झाड कोणतं?"

"नारळ."

त्यांनी शेपटीचं मधलं पीस उचललं आणि टोक दिव्यापुढे धरलं. बराच वेळ फिरवून पाहिलं. "ही टोकं घासलेली आहेत, शिरुरे. उडणाऱ्या घारीची अशी घासत नाहीत. जमिनीवर चालून घासतात."

मी कापडाची सुरकुती सरळ केली.

"तुमचं झाड चालतं?"

"थोडंसं," मी म्हणालो. "अंगणापुरतं."

मॅडमनी पीस खाली ठेवलं, होतं त्याच जागी.

"अट क्रमांक सात वाचली आहे ना?"

"पाठ आहे. त्यात पक्ष्यांविषयी आहे. झाडांविषयी काही नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "झाडांविषयी नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "फांदी मोडलीय का कुठली?"

"उजवी. बांबू बांधला होता. बसलीय, पण वर जाता येत नाही."

"आणि खत-पाणी?"

"रोज एक बांगडा. काटे काढून."

"काटे कशाला काढतात? मूर्ख आहेत का?" मॅडम एकदम ओरडल्या. मग खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि डोळे पुसायचे सोडून चष्माच पुसत राहिल्या. सहा वर्षं घारींवर काम करत होत्या. हातात घेतलेली प्रत्येक घार त्यांनी मेलेलीच पाहिली होती, किंवा निसटणारी.

त्यांनी नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि माझ्याकडे वळवली. 'नमुना क्र. ७२ ते १११ संकलकाच्या अप्रामाणिकपणामुळे बाद.' खाली मी सही करायची होती.

"नोंदणी होणार नाही. मुदतवाढही नाही. आणि हे तुमच्या नावामागे राहील. अजून तुम्हाला दुसरं काही सांगायचं असेल तर मी ही ओळ खोडते."

"झाडाला नाव ठेवलेलं नाही," मी म्हणालो. "तेवढंच राहिलं होतं." आणि सही केली.

शनिवारी माझ्या वेळेत परिषदेनं चहा लवकर दिला. लोक खूश होते.

आता मी औशात, गल्ल्यामागच्या दुसऱ्या खुर्चीवर असतो. बरं चाललंय. मामा पाहुण्यांना अजून 'आमचा भाचा घारींचा सायंटिस्ट' अशी ओळख करून देतात. मग पाहुणे युरियाबद्दल विचारतात. गडणीस मॅडमचा शोधनिबंध दोन वर्षांनी छापून आला. त्यातल्या नकाशात नागपूर आहे, कोल्हापूर आहे, आणि किनाऱ्याचा तो एक तुकडा कोरा आहे, 'माहिती उपलब्ध नाही'. निबंध पाठवताना त्यांनी पहिल्या पानावर पेनानं विचारलं होतं, 'झाड कसं आहे?' मी कळवलं, वाढतंय. काकींना फोनवर झाडाची सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी नारळाला माड म्हणायचं हे मला शिकवलं.

मागच्या महिन्यात काकींचा फोन आला. आडबंदरला नवा वनरक्षक आलाय. तरुण आहे, कामसू आहे, घरोघरी फिरतो. परवा अंगणात आला. घार होडीखालून चालत त्याच्यापुढे गेली आणि त्याला खालून वर बघायला लागली. त्यानं विचारलं, आजी, हे काय? काकी म्हणाल्या, माड. त्यानं पुन्हा विचारलं. काकी पुन्हा म्हणाल्या, माड. पुण्याच्या शास्त्रज्ञानं लिहून दिल्यान हा. मुलगा भला असावा, कारण तो रागावला नाही. आठवड्यानं परत येतो म्हणाला, तोपर्यंत कागद काढून ठेवा.

काकींनी मला विचारलं, तो कागद कुठे आहे. नव्हता. म्हणून दुकानाच्या लेटरहेडवर लिहून कालच्या टपालानं पाठवला. त्याची नक्कल खाली देतो.

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
यांचे सेवेशी.

विषय: मौजे आडबंदर येथील एका माडाबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, श्रीमती मथुरा कुबल यांचे राहते घराचे मागील अंगणात असलेला माड हा माडच असल्याबाबतचा दाखला, पाहणी न करता, मिळावा. सदर माडास उंबरठ्यापर्यंत चालण्याची, वेळी-अवेळी शीळ घालण्याची, वर्षातून एकदा पिसे टाकण्याची व दररोज एक बांगडा खाण्याची परवानगी देण्यात यावी. बांगड्याचे काटे काढण्यास कायद्याची हरकत नसावी. तसेच सदर माड व सदर श्रीमती या दोघींपैकी एकही हयात असेतोवर दुसरीस सदर अंगणातून कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही गावी, कितीही चांगल्या ठिकाणी हलवण्यात येऊ नये, असे आदेश कायमस्वरूपी व्हावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
वै. शि. शिरुरे
(अप्रामाणिक संकलक)